मंदिर पडण्यापूर्वी : प्राचीन यहुदी पंथांच्या अभ्यासाची प्रस्तावना

राहुरी, नेवासे, शेवगाव, श्रीरामपूर या तालुक्यांतल्या ख्रिस्ती वस्त्यांमध्ये दोन हजार वर्षांपूर्वीच्या दोन यहुदी पंथांची नावे लहानथोरांच्या कानावरून रोज गेल्यासारखी आहेत. परूशी आणि सदूकी. ज्या गावात यहुदी माणूस कोणी पाहिलेला नाही, तिथल्या शाळकरी मुलालाही परूशी म्हणजे ढोंगी आणि सदूकी म्हणजे मेलेल्यांचे पुनरुत्थान न मानणारे, एवढे ठाऊक असते. महाराष्ट्रात इतरत्र चांगल्या वाचकालाही ही नावे अडतील. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यात ती अडत नाहीत. अमेरिकन मराठी मिशनने 1831 साली अहमदनगरला ठाणे उघडले, 1842 मध्ये ‘ज्ञानोदय’ नगरलाच निघू लागला, पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाईंचा मोठा संसार याच शहरात झाला. बायबलमधल्या माणसांना आणि पंथांना मराठी बोली मिळाली ती बऱ्याच अंशी या भागातल्या शाळांत, भजनांत आणि उपदेशांत.

ओळख आहे, पण ती एकाच बाजूने झालेली आहे. हे पुस्तक दुसरी बाजू मांडण्यासाठी लिहिले आहे. चर्चमध्ये वाढलेल्या वाचकाला ते उपयोगी पडावेच, पण धर्म आणि पंथ यांच्या नात्याचा विचार करणाऱ्या कोणाही मराठी वाचकासाठी ते आहे. संतांची, नाथांची, महानुभावांची आणि सुफींची ठाणी ज्या जिल्ह्यात हाकेच्या अंतरावर आहेत, तिथल्या माणसाला पंथ म्हणजे काय हे मुळापासून समजावून सांगावे लागत नाही.

शुभवर्तमानांतले परूशी येशूशी सतत वाद घालताना दिसतात, आणि मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायात तर त्यांच्यावर कडक शब्दांत कोरडे ओढलेले आहेत. हा मजकूर कधी लिहिला गेला ते लक्षात घेतले पाहिजे. इसवी सन 70 मध्ये रोमी सैन्याने यरुशलेमचे मंदिर जाळले. बहुतेक अभ्यासकांच्या मते मत्तयाचे शुभवर्तमान त्यानंतरच्या काही वर्षांत आजच्या रूपात आले. तोवर जुन्या पंथांपैकी दोनच गट जोमाने उभे होते. एक परूशांच्या परंपरेतले रब्बी आणि दुसरा येशूचे शिष्य. मोशेच्या नियमशास्त्राचा आणि संदेष्ट्यांचा वारसा खरा कोणाचा, यावर त्यांचे भांडण चालले होते. वाटणीच्या दाव्यात एका भावाने दिलेल्या जबानीवरून दुसऱ्या भावाचा स्वभाव कायमचा ठरवून टाकणे बरे नाही; जबानी खोटी असते म्हणून नव्हे, ती दाव्यातली असते म्हणून. एरवी त्याच ग्रंथांत निकदेम रात्री येशूकडे येतो तो परूशीच आहे, हेरोद तुझ्या जिवावर उठला आहे असे येशूला येऊन सांगणारे परूशीच आहेत, आणि प्रेषितांची बाजू न्यायसभेत सावरून धरणारा गमलिएलही परूशीच आहे. उपदेशांत ही माणसे क्वचित येतात.

मुळात हे पंथ निघाले कशातून? बाबेलच्या बंदिवासातून परतलेल्या लोकांनी इसवी सनापूर्वी 515 च्या सुमारास यरुशलेमचे मंदिर पुन्हा उभारले. राजा नव्हता, आधी इराणी आणि मग ग्रीक सत्तेखाली समाजाचा प्रमुख म्हणजे मुख्य याजक, आणि तो सादोक या जुन्या याजकाच्या घराण्यातला असे. इसवी सनापूर्वी 167 मध्ये सिरियाच्या अँटायोकस चौथा याने शब्बाथ आणि सुंता यांवर बंदी घालून मंदिर बाटवले, तेव्हा मक्काबी घराण्याने बंड केले आणि 164 मध्ये मंदिर शुद्ध करून घेतले. आजचा हनुका हा सण त्याचा. इथपर्यंत कथा सरळ आहे. पेच पुढे आला. बंडाचे पुढारी याजककुळातले होते, पण सादोकाच्या गादीचे नव्हते. 152 मध्ये त्यांच्यातल्या योनाथानाने मुख्य याजकाची वस्त्रे अंगावर घेतली, आणि तीही सिरियाच्या गादीच्या एका ग्रीक दावेदाराच्या हातून. पुढे याच हसमोनी घराण्याने राजमुकुटही घातला. ज्यांनी धर्म वाचवला त्यांच्याच हातात धर्माची आणि राज्याची दोन्ही सूत्रे गेली, आणि त्यांना जाब विचारायचा तर कोणत्या अधिकाराने, हा प्रश्न उभा राहिला. योसेफस हा इतिहासकार परूशी, सदूकी आणि एसीनी या तिन्ही पंथांचा पहिला उल्लेख याच योनाथानाच्या काळात करतो. मला हा योगायोग वाटत नाही.

राजाच्या पंथबदलाने काय होते ते नगरने स्वतः पाहिले आहे. 1537 मध्ये बुऱ्हाण निजामशहाने शाह ताहिर यांच्या प्रभावाने शिया पंथ स्वीकारला आणि राजधानीत मोठी खळबळ उडाली. यहुदियात असेच हसमोनी घराण्यातल्या योहानान हिर्कानसच्या कारकिर्दीत झाले. इसवी सनापूर्वी 134 ते 104 या काळातला हा सत्ताधारी आधी परूशांच्या बाजूचा होता. राज्य ठेवावे पण मुख्य याजकपद सोडावे, असे एका मेजवानीत त्याला तोंडावर सुनावले गेले आणि तो सदूक्यांकडे गेला, असे योसेफस सांगतो. त्याचा मुलगा अलेक्झांडर यन्नाय याच्यावर मंडपांच्या सणात लोकांनी हातातली महाळुंगाची फळे फेकून मारली. त्याने पुढे आठशे विरोधकांना वधस्तंभावर चढवले. त्याची विधवा राणी सालोमे अलेक्झांड्रा इसवी सनापूर्वी 76 मध्ये गादीवर आली तेव्हा तिने परूशांना पुन्हा जवळ केले आणि तिची नऊ वर्षे देशाला शांततेची गेली. शुद्ध-अशुद्ध आणि सणवार यांच्या वादांमागे हा रक्तरंजित हिशेब होता, हे विसरले की ते वाद क्षुल्लक वाटू लागतात.

योसेफसविषयी दोन शब्द आवश्यक आहेत, कारण या पुस्तकाच्या पानापानावर तो भेटेल. इसवी सन 37 मध्ये याजककुळात जन्मलेला हा माणूस. तिन्ही पंथांची दीक्षा चाखून पाहिली, बन्नुस नावाच्या वनवासी साधकाजवळ तीन वर्षे काढली आणि एकोणिसाव्या वर्षी परूशांच्या रीतीने वागू लागलो, असे तो आत्मचरित्रात लिहितो. पुढे रोमविरुद्धच्या युद्धात गालीलात सेनापती झाला, शरण गेला आणि उरलेले आयुष्य रोममध्ये सम्राटांच्या आश्रयाने लिहिण्यात घालवले. त्याचा वाचक ग्रीक वळणाचा होता. त्या वाचकाला समजावे म्हणून त्याने पंथांना तत्त्वज्ञानाच्या शाळा बनवले आणि दैव किती, कर्तृत्व किती या प्रश्नावर त्यांची विभागणी केली : एसीनी सारे दैवाधीन मानतात, सदूकी दैव मानतच नाहीत, परूशी दोन्ही मानतात. हे खोटे नसेल, पण एवढ्यावरून कोणी वाळवंटात राहायला जात नाही. परूशी सहा हजारांवर आणि एसीनी चार हजारांवर, हे त्याचे आकडे मात्र महत्त्वाचे आहेत. म्हणजे बहुसंख्य यहुदी कोणत्याच पंथाचे नव्हते. ते शब्बाथ पाळत, वल्हांडणाला यरुशलेमला जात, आणि थोड्या लोकांचे वाद ऐकत.

सदूक्यांबद्दल फार लिहिता येत नाही. त्यांनी लिहिलेली म्हणून ओळखता येईल अशी एकही ओळ आपल्यापर्यंत पोहोचलेली नाही. जे कळते ते विरोधकांकडून. याजकांतली श्रीमंत घराणी आणि मंदिराचा कारभार त्यांच्याकडे होता. मोशेच्या लिखित शास्त्राबाहेरच्या रूढी बंधनकारक नाहीत, आणि त्या शास्त्रात सापडत नाही म्हणून पुनरुत्थान नाही, असे ते मानत. त्यांना नास्तिक किंवा चैनी ठरवण्याची जुनी सवय आहे. मला ते आपल्या शास्त्राशी घट्ट बांधलेले, जुन्या वळणाचे लोक दिसतात. नवी मते परूशांची होती.

परूशांनी काय केले? मंदिरात सेवा करताना याजकाने जी शुद्धता पाळायची, ती त्यांनी साध्या माणसाच्या घरात, त्याच्या रोजच्या जेवणाच्या ताटापर्यंत आणली. हात धुणे, भांड्यांची शुद्धता, पिकाचा दशमांश नीट काढल्याशिवाय न जेवणे, या गोष्टींवरून त्यांची टर उडवली जाते. त्यामागचा दावा मात्र मोठा होता. पवित्रता काही याजककुळांची मिरास नाही. शेतकरी, चांभार, विणकर आपल्या घरात तितकाच देवासमोर बसलेला आहे. नेवाशाला शके 1212 मध्ये ज्ञानदेवांनी गीतार्थ मराठीत आणला, तेव्हा संस्कृताच्या दाराबाहेरच्यांना जे मिळाले त्याची ज्याला किंमत कळते, त्याला परूशांचे हे धाडस लवकर उमगेल. दोन्ही चळवळींचा मार्ग निराळा आहे. परूशी बंधने वाढवत गेले आणि त्याचा जाच सामान्यांना झालाही असेल. तरी दार उघडण्याची ओढ दोन्हीकडे आहे.

दुसरी गोष्ट तोंडी परंपरेची. लिखित शास्त्रासोबत वाडवडिलांकडून आलेले अर्थ आणि रीती यांनाही अधिकार आहे, हे परूशांचे मूळ मत. त्यामुळे शास्त्राचा अर्थ लावणे हे चालू काम झाले आणि त्यात मतभेदांना जागा मिळाली. हिल्लेल आणि शम्माय या दोन गुरूंच्या घराण्यांचे शेकडो वाद पुढे मिश्ना या ग्रंथात दोन्ही बाजूंसह नोंदले गेले. हरलेल्या पक्षाचे मतही जपून ठेवणारा पंथ जगात विरळा.

त्यांची कडकपणाबद्दलची कीर्ती तपासून पाहण्याजोगी आहे. शब्बाथ दिवशी मेंढरू खड्ड्यात पडले तर त्याला कोण वर काढणार नाही, असे मत्तयाच्या बाराव्या अध्यायात येशू विचारतो. म्हणजे ऐकणारे ते काढतील हे त्याने गृहीत धरले आहे. रब्बींच्या परंपरेने यातून वाट काढली : जनावराला तिथेच चारा द्यावा, किंवा पायाखाली आधार ठेवावा म्हणजे ते आपले आपण वर येईल. उलट दमिष्क लेख या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दुसऱ्या एका पंथाच्या नियमग्रंथात जनावराला वर काढायची साफ मनाई आहे. त्या पंथाच्या लेखी परूशी सैल होते. मृत समुद्राजवळच्या, पुढे ज्यांची कथा येते त्या, गुंडाळ्यांत परूशांचा म्हणून मानला जाणारा उल्लेख ‘गुळगुळीत गोष्टी शोधणारे’ असा हेटाळणीचा आहे. एकाला ते फार कर्मठ वाटले आणि दुसऱ्याला फार सवलती देणारे. खरे परूशी या दोन तक्रारींच्या मधे कुठेतरी आहेत.

ख्रिस्ती वाचकाने आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मेलेल्यांचे पुनरुत्थान होईल ही श्रद्धा मंडळीने मोकळ्या आकाशातून उचललेली नाही. ती परूशांची होती. प्रेषितांच्या कृत्यांच्या तेविसाव्या अध्यायात पौल न्यायसभेपुढे उभा असताना आपण परूशी आहोत असे सांगतो आणि पुनरुत्थानाच्या आशेवरून आपला न्याय होत आहे असे म्हणतो, तेव्हा सभेत फूट पडून परूशी त्याची बाजू घेतात. विश्वासदर्शक मतांगीकाराचा शेवट ज्या आशेने होतो ती आशा सदूक्यांसमोर आधी परूशांनी लढवली.

आता एसीनी. 1947 मध्ये कुमरान येथे, मृत समुद्राच्या वायव्य काठावरच्या एका गुहेत ताआमिरे टोळीतल्या बेदुइन धनगरांना मातीच्या रांजणांत चामड्याच्या गुंडाळ्या सापडल्या. 1956 पर्यंत अकरा गुहांतून नऊशेच्या आसपास हस्तलिखितांचे अवशेष मिळाले. काही बायबलमधले ग्रंथ, काही सर्व यहुद्यांत चालणारे, आणि काही एका बंदिस्त समुदायाचे नियम, स्तोत्रे आणि भाष्ये. हा समुदाय एसीनी होता असे बहुतेक अभ्यासक मानतात, आणि मीही या पुस्तकात तेच धरून चाललो आहे. प्लिनी हा रोमी लेखक एसीनींची वस्ती मृत समुद्राच्या पश्चिमेलाच सांगतो. योसेफस त्यांच्याविषयी जे लिहितो, म्हणजे सामाईक मालमत्ता, टप्प्याटप्प्याने मिळणारी दीक्षा, रोजचे स्नान, एकत्र मौनाने जेवण, त्यातले पुष्कळ या समुदायाच्या नियमग्रंथांत जसेच्या तसे दिसते.

यांचा आद्य पुरुष ‘नीतिमत्त्वाचा शिक्षक’ एवढ्याच नावाने ओळखला जातो, आणि त्याचा शत्रू ‘दुष्ट याजक’. हा याजक हसमोनी घराण्यातला असावा. योनाथानाचे नाव पुष्कळांनी पुढे केले आहे. हबक्कूकावरच्या भाष्यात एक प्रसंग आहे : प्रायश्चित्ताच्या दिवशी दुष्ट याजक शिक्षकावर चालून आला. मुख्य याजकाने त्या दिवशी मंदिरात असायला हवे, तो वाळवंटात कसा? उत्तर पंचांगात आहे. मंदिर चंद्राच्या गतीवर महिने धरत असे. हा समुदाय 364 दिवसांचे सौर वर्ष मानत असे, ज्यात प्रत्येक सण दरवर्षी त्याच वारी येतो. एकाचा उपासाचा दिवस दुसऱ्याचा कामाचा दिवस. सण वेगळ्या दिवशी आला की एकत्र पूजा संपते, आणि मग वेगळे होण्यावाचून गत्यंतर राहत नाही. सिद्धान्तापेक्षा पंचांगाने पंथ लवकर दुभंगतात, हे माझे या अभ्यासातले सर्वांत ठाम मत आहे.

या समुदायाने आपले काही लेखन गुप्त लिपीत केले. त्यातल्या पंचांगाचे साठेक तुकडे जुळवून हैफा विद्यापीठातल्या संशोधकांनी 2018 मध्ये ते वाचले. मराठी वाचकाला इथे महानुभाव आठवल्याशिवाय राहणार नाहीत. चक्रधरस्वामींच्या वास्तव्याने पावन मानलेले गोदाकाठचे डोमेग्राम याच जिल्ह्यात आहे. त्यांच्या अनुयायांनी चौदाव्या शतकापासून आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत बांधून ठेवले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत मराठीचा हा आद्य गद्यठेवा बाहेरच्यांना वाचता आला नाही. बहुजनांच्या बोलीत बोलणारा पंथ आपलेच ग्रंथ कुलपात का ठेवतो, याला छळाची भीती, पावित्र्याची जपणूक, आतल्यांना बांधून ठेवण्याची गरज अशी उत्तरे दिली जातात. कुमरानला तीच उत्तरे तपासून पाहता येतात. तिथल्या गुप्त लिपीतला मजकूर मात्र फारसा गूढ नाही. पंचांग तर समुदायात सर्वांना ठाऊकच होते. म्हणून मला तिथे दीक्षितांच्या मानाचा भाग अधिक वाटतो.

योसेफस ज्याला चौथा पंथ म्हणतो त्याची कथा झरझर सांगता येते. इसवी सन 6 मध्ये रोमने यहुदियात करासाठी खानेसुमारी केली तेव्हा गालीली यहूदा आणि सादोक नावाचा एक परूशी यांनी देवाखेरीज कोणाला धनी म्हणू नये असे सांगत बंडाचा पुकारा केला. पुढे 66 मध्ये युद्ध पेटले. खंजीर लपवून गर्दीत खून करणारे सिकारी आणि मंदिराचा ताबा घेणारे जिलोत हे वेगवेगळे गट होते. वेढा पडलेल्या यरुशलेमात बंडखोरांनी एकमेकांशी लढताना धान्याची कोठारे जाळली, हे योसेफसही सांगतो आणि रब्बींचा तालमूद हा ग्रंथही. पंथांचे गुण गाताना हे पान झाकून ठेवता येणार नाही. 68 मध्ये कुमरान पडले, 70 मध्ये मंदिर, आणि 73 च्या सुमारास मसादाचा किल्ला.

मंदिर गेल्यावर सदूक्यांना करायला काही उरले नाही. एसीनींची वस्तीच उरली नाही. योहानान बेन जक्काय नावाच्या वृद्ध गुरूने यवने या गावी शिष्य जमवले आणि वेदी नसताना प्रार्थना, अभ्यास आणि घरातले ताट यांवर धर्म उभा राहू शकतो हे दाखवून दिले. परूशांनी दीडशे-दोनशे वर्षे आधीच घराला मंदिराची शिस्त लावून ठेवली होती, म्हणून हे जमले. 200 च्या सुमारास यहूदा हनासी याने मिश्ना सिद्ध केली. त्यानंतरचा जवळजवळ सगळा यहुदी धर्म त्या वाटेने चालत आला आहे. मोशेचेच शास्त्र मानणारे शोमरोनी वेगळे राहिले, आणि आजही गरिज्जीम डोंगरावर वल्हांडणाचा यज्ञ करतात. त्यांची संख्या हजाराच्याही आत आहे. आठव्या शतकापासून तोंडी परंपरा नाकारणारे कराई उठले, तेही थोडेच टिकले. प्राचीन पंथांचे कार्य काय, असे कोणी विचारले तर माझे उत्तर असे : आपले सर्वस्व हरपले तर कसे जगायचे, याच्या निरनिराळ्या तयाऱ्या त्यांनी आधीच करून ठेवल्या, आणि त्यातली एक तयारी कामाला आली.

याची साक्ष द्यायला महाराष्ट्राबाहेर जावे लागत नाही. अलिबागजवळच्या नवगावला जहाज फुटून सात जोडपी वाचली, अशी बेने इस्राएल या मराठी यहुदी समाजाची परंपरा. कोकणात तेलघाणे चालवताना शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून ते शनिवार तेली. त्यांच्याकडे ग्रंथ नव्हते, रब्बी नव्हते, मिश्ना-तालमूद ठाऊक नव्हते. शब्बाथ, सुंता, शेमा ही प्रार्थना, खवले आणि पर असलेलेच मासे खाणे, आणि नव्याचा सण, खिरीचा सण, दारफळणीचा सण अशा मराठी नावांचे सण, एवढी शिदोरी. डेव्हिड रहाबी नावाच्या परदेशी यहुद्याने बायकांपुढे निरनिराळे मासे ठेवून पाहिले आणि त्यांनी बरोबर तेच निवडले, मग त्याने तीन घराण्यांतल्या पुरुषांना शिकवून काजी केले, ही कथा त्यांच्या घराघरांत सांगतात.

हनुका त्यांना माहीत नव्हता, म्हणून त्यांचे पूर्वज मक्काबी बंडाआधीच, इसवी सनापूर्वी 175 च्या सुमारास निघाले असावेत, असे हाईम सॅम्युअल केहिमकर यांनी आपल्या इतिहासात मांडले. तसे असेल तर ही माणसे परूशी-सदूकी वाद सुरू होण्यापूर्वीच्या धर्माचा जिवंत अवशेष ठरतात, आणि ही कल्पना मोहात पाडणारी आहे. मला ती सिद्ध वाटत नाही. जे ठाऊक नाही त्यावरून निघाल्याचे साल काढता येत नाही. ग्रंथ आणि गुरू नसलेला समाज शतकानुशतकांत एखादा सण विसरूही शकतो. कोकणातल्या या समाजाने जे जपले त्याचा विचार केला तर मात्र एक गोष्ट स्पष्ट दिसते. मंदिर, याजक, ग्रंथ यांतले काहीही नसताना जे टिकले ते सगळे घरातले होते : आठवड्याचा दिवस, मुलाचे आठव्या दिवसाचे संस्कार, ताटातला मासा.

पुढे रब्बींची परंपरा त्यांच्यापर्यंत आली ती अनेक हातांनी. 1796 मध्ये सामाजी हसाजी दिवेकर यांनी मुंबईत पहिले सभास्थान बांधले. कोचीनहून शिक्षक आले. अमेरिकन मिशनच्या शाळांत बेने इस्राएल मुले शिकली आणि शिक्षकही झाली, डॉ. जॉन विल्सन यांनी 1832 मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिले. मिशनऱ्यांचा हेतू धर्मांतराचा होता, पण त्या शिक्षणाने बेने इस्राएल आपल्याच धर्मग्रंथांजवळ गेले. 1874 मध्ये पुण्यात विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांच्या छापखान्यात वल्हांडणाच्या रात्री ताटाभोवती वाचायची हग्गादा हिब्रू आणि मराठीत छापली गेली. परूशांच्या वारसांनी रचलेला विधी अग्निहोत्र्यांच्या छापखान्यातून मराठीत बाहेर पडला, ही आपल्या मुद्रणाच्या इतिहासातली अभिमानाची गोष्ट आहे.

त्याच तोंडी परंपरेने त्यांना दुखावलेही. इस्राएलमध्ये गेलेल्या बेने इस्राएलांच्या विवाहांबद्दल तिथल्या मुख्य रब्बिनेटने 1960 च्या दशकाच्या आरंभी शंका घेतली. रब्बींच्या नियमाप्रमाणे घटस्फोटाचे पत्र दिल्याशिवाय झालेले पुनर्विवाह पूर्वी होत असतील, तर पुढच्या पिढ्यांशी लग्न करता येईल का, म्हणून आजी-आजोबांपलीकडे चौकशी करण्याचा आदेश निघाला. यरुशलेमात या लोकांनी धरणे धरले. 1964 मध्ये इस्राएलच्या संसदेने ते सर्वार्थाने यहुदी असल्याचे म्हटले आणि रब्बिनेटला माघार घ्यावी लागली. शास्त्राबाहेरच्या परंपरेचा अधिकार कोणावर आणि कुठवर, हा हिर्कानसच्या काळातला प्रश्न विसाव्या शतकात मराठी बोलणाऱ्या माणसांच्या लग्नाआड आला.

नगरचा म्हणून एक धागा इथेच नोंदवतो. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य बुऱ्हाण निजामशहाचा स्नेही होता, त्याच्या उपचारासाठी नगरच्या दरबारी येत असे, आणि 1563 मध्ये गोव्यात छापलेल्या त्याच्या औषधी वनस्पतींवरील संवादग्रंथात निजामशहाच्या आठवणी आहेत. जन्माने तो सक्तीने ख्रिस्ती केलेल्या यहुदी घरातला. 1568 मध्ये तो वारला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला गोव्याच्या इन्क्विझिशनने जाळले, आणि नातेवाइकांच्या कबुल्यांवरून 1580 मध्ये त्याची हाडे उकरून जाळली. मोशेचे नियमशास्त्र त्या घराने गुपचूप जपले होते, असा आरोप. पंथ, गुरू, सभास्थान काहीच उघडपणे नसताना तिथेही जे उरले ते घरात.

पुस्तकाच्या मांडणीविषयी थोडे. व्यक्तींची आणि पंथांची नावे मराठी बायबलमध्ये जशी रुळली आहेत तशीच ठेवली आहेत. जी तिथे नाहीत ती उच्चाराला जवळ जातील अशी लिहिली. प्रत्येक पंथाच्या प्रकरणात आधी त्याचे स्वतःचे लेखन, मग मित्रांचे, आणि शेवटी विरोधकांचे म्हणणे असा क्रम आहे. सदूक्यांच्या बाबतीत पहिले पान कोरे राहते, आणि ते तसे राहणेच प्रामाणिक आहे.

चर्चमध्ये उपदेश करणाऱ्या आणि रविवारच्या शाळेत मुलांना शिकवणाऱ्या जिल्ह्यातल्या बंधुभगिनींना एक विनंती. मत्तयाचा तेविसावा अध्याय वाचाल त्या रविवारी प्रेषितांच्या कृत्यांतला गमलिएलही वाचा, आणि परूशांचे वारस आजही आहेत, त्यातले काही आपल्याच मराठीत बोलतात, हे मुलांना सांगा.